पांगाऱ्याची सवत

कार्तिक सरत आला आणि भातं कापून झाली की आमच्या वसईतल्या पापडी गावाकडची हवा कोरडी होते. ओठ फुटतात, केळीची पानं कडेने तडकतात आणि माझं पोट दुखायला लागतं. डॉक्टरांना दाखवावं असलं हे दुखणं नव्हे. दुसऱ्याचं चांगलं बघून जे पोट दुखतं, ते हे. वय झालं, दात गेले, ऐकू कमी येतं. पण माझा हेवा अजून तरणाताठा आहे आणि थंडीची चाहूल लागली की उठून बसतो.

परवा सकाळी शेजारच्या वाडीत कुणीतरी गवत कापायचं यंत्र आणलं. आधी ते खोकल्यासारखं करत होतं, मग एकदम एका सुरात घुंऽऽ सुरू झालं. मी वाल निवडत बसले होते. सूप मांडीवर तसंच राहिलं आणि माझी उजवी मूठ आपोआप आवळली गेली. सूनबाईने विचारलं, "काय झालं आई?" म्हटलं, "काही नाही गं, सवत आठवली." ती हसली. घरात सगळ्यांना वाटतं मी थट्टा करते.

सवत होती. अडीच फुटांची होती, पंख धरून. माझं लग्न वैशाखात झालं आणि ती आश्विनात घरात आली, घडी घातलेल्या कागदाच्या रूपाने. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. मुंबईच्या जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात ह्यांना लढाईनंतर गोरे सोल्जर मागे टाकून गेलेली काही मासिकं मिळाली होती. त्यातल्या एकात तो मोठा कागद होता. घड्यांवर फाटलेला, कडेला पिवळा पडलेला. त्यावर विमानाचा प्रत्येक तुकडा खऱ्या मापाने काढलेला होता: पंखाच्या फासळ्या, शेपटी, पोट, चाकांची तार. विमान खेळण्यातलं, पण खरोखर उडणारं. त्याला दोन बारीक तारा बांधायच्या, तारांची टोकं एका लाकडी मुठीला, आणि मूठ धरून आपण मधोमध उभं राहायचं. विमान भोवताली गरगर फिरतं. मनगट वर केलं की वर जातं, खाली केलं की खाली येतं.

हे मला त्यांनी समजावून सांगितलं असं नाही. ते सासूबाईंना सांगत होते, मी चुलीपाशी ऐकत होते.

तो कागद माजघरात जमिनीवर पसरला गेला आणि पसरलेलाच राहिला. चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, तांब्या आणि माझ्या रुखवतातली पितळी वाटी. शाळेतून आले की हे कोट खुंटीला लावायचे आणि कागदापाशी गुडघे टेकायचे. एखादी रेघ बोटाने हळूच चाचपायचे. नवी नवरी होते मी. माझ्या कपाळावरचा केस असा कुणी हळूच बाजूला केला नव्हता. त्या कागदाचा मला इतका राग यायचा, की केर काढताना मी केरसुणी मुद्दाम त्याच्या कडेने जोरात ओढायची. फाटला नाही मेला.

कागदाचं तरी समजून घेता आलं असतं. पण कागदावरच्या सूचना होत्या इंग्रजीत आणि ह्यांचं इंग्रजी कामापुरतं. म्हणून रविवारी रेजिनाबाई यायला लागली. शाळेत इंग्रजी शिकवायची. पापडीचीच, ख्रिस्ती देवळामागच्या घरातली, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची प्रार्थना, आटोपून सायकलवरून यायची, ओसरीला सायकल टेकवायची, आणि चपला काढता काढताच हाक मारायची, "वयनी, चाय ठेव गो!" मग दोघं कागदावर ओणवी. ती वाचायची, हे मान हलवायचे. कधी दोघं एकदम हसायची. इंग्रजीत हसण्यासारखं काय असतं ते मला कधी कळलं नाही. मी मराठी सातवी फायनल. चहात साखर घालताना माझा हात आखडायचा.

खरं सांगते, रेजिनाबाईच्या मनात काही नव्हतं आणि ह्यांच्याही नव्हतं. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मत्सराला पुरावा लागतो असं कोण म्हणतं? तिची सायकल मला खुपायची. तिचं मनगटी घड्याळ खुपायचं. ती कागदावर बोट ठेवून "मास्तर, इथे चुकलंय तुमचं" म्हणायची आणि हे चुकलं म्हणून कबूल करायचे, ते तर सगळ्यात जास्त. मी भातात मीठ जास्त पडल्याचंसुद्धा कधी त्यांच्या तोंडून सरळ ऐकलं नव्हतं. ते नुसतं ताक मागायचे.

विमानाला विलायती लाकूड लागत होतं, पिसासारखं हलकं. ते इथे कुठलं मिळायला! आणि इथे माझं माहेर कामाला आलं. आमची पानवेलींची वाडी. वेल चढवायला पांगारे लावलेले असत, आणि वाळलेला पांगारा हातात घेतला तर काही धरलंय असं वाटतच नाही. मीच म्हटलं, "आमच्याकडचा पांगारा बघा." हे माझ्याकडे बघतच राहिले. सहा महिन्यांत पहिल्यांदा असे बघितले. दुसऱ्याच दिवशी माझ्या वडिलांनी सावलीत वाळवलेला पांगाऱ्याचा ओंडका गाडीवर घालून पाठवून दिला. ह्यांनी त्याच्या फळ्या पाडल्या, काचेने तासल्या, आणि पुढच्या रविवारी रेजिनाबाईला म्हणाले, "बघा, मी कसलं लाकूड शोधून काढलं!" मी आत खळ ढवळत होते. पंखावर पतंगाचा कागद चिकटवायला तांदळाच्या पिठाची खळ लागायची, ते माझं खातं. अंगाचा नुसता तिळपापड झाला आणि खळीला गुठळ्या झाल्या.

इंजिन हाताच्या अंगठ्याएवढं. ते ह्यांच्या मुंबईच्या एका मित्राने वापरायला दिलं होतं. त्याला प्यायला रॉकेल, इस्पितळात वास येतो ते ईथर आणि एरंडेल, तिन्ही सारखी. घरातली एरंडेलाची बाटली गेलेली बघून सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता पोरांऐवजी विमानाचं पोट साफ होईल." पंखा बोटाने झटका देऊन फिरवायचा, तर तो बोट फोडायचा. ह्यांच्या तर्जनीला कायम चिंधी. ती चिंधी बांधायला मात्र मी. तेवढ्या वेळापुरती मला सवत आवडायची.

कापलेल्या भाताच्या शेतात खुंटं राहतात, त्यांवर विमान आपटलं तर चिंध्या. म्हणून देवळापलीकडच्या आमच्या खळ्याला लागून असलेला तुकडा आम्ही साफ केला. हे, दोन गडी आणि मी. खुंटं उपटली, पाणी मारलं, चोपण्याने ठोकून ठोकून जमीन अंगणासारखी केली. माझ्या हाताला फोड आले. आणि मग एका रविवारी, मिस्सा सुटल्यावर, निम्मा गाव खळ्यावर जमला. रेजिनाबाईने पंखा फिरवून इंजिन चालू केलं, विमान दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि सोडलं. हे मधे मूठ धरून उभे. ते उडालं.

उडालं हो! माझ्या बापाच्या वाडीतला पांगारा, माझ्या खळीने चिकटलेला, लाल पंखांचा, कान किटवत गेला माझ्या डोक्यावरून. मी सगळा राग विसरले. आमच्या खळ्याचा राखणदार, म्हातारा काशा, ओरडला, "मास्तरांचा बैल उधळला रं!" आणि एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या, आणि सहावीला हे झोकांड्या खायला लागले. विमान खाली-वर, खाली-वर, आणि धप्. हे दुसऱ्या बाजूला वाकून ओकत होते. काशाने विचारलं, "मास्तर, पानी पाजलं का बैलाला?" लोक हसले. मी नाही हसले. खोटं का बोला, थोडी हसले.

ह्यांना भोवळ यायची. विमान पाच-पाच सेकंदांत एक फेरी मारतं, त्याच्याबरोबर आपल्यालाही जागच्या जागी गरगर फिरावं लागतं. बांधण्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उडवताना सहावी फेरी पार होईना. रेजिनाबाईने धरून बघितलं. ती नवव्या फेरीला मटकन खाली बसली आणि बसल्या बसल्या हसत सुटली. ती पडली तेव्हा मला जो आनंद झाला, त्याची कबुली मी आता देते आहे. पंखाचं टोक मोडलं ते जोडायला मात्र मीच रात्रीच्या आत खळ शिजवून दिली.

त्या दिवशी घरी येताना मी ह्यांना विचारलं, "मी धरून बघू का हो एकदा?"

हे हसले. दुष्टपणे नाही, लहान मुलाला हसतात तसे. म्हणाले, "अगं, तुला चक्कर येईल."

हे शब्द सकाळी ओकलेल्या माणसाचे होते.

आता थोडं माझ्या माहेरच्या रहाटाविषयी. वसईच्या वाड्या तेव्हा रहाटावर भिजायच्या. विहिरीवर लाकडी चाक, त्याला मडक्यांची माळ, आणि ते फिरवायला आडव्या दांडीला जुंपलेला बैल. बैल गोल गोल चालणार, पाणी पन्हळीत पडणार, पन्हळीतून पानवेलींना. बैल थांबला की पाणी थांबलं, म्हणून त्याला हाकायला दांडीवर कुणीतरी बसायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. सहाव्या वर्षापासून लग्न ठरेपर्यंत. सकाळची न्याहारी मी त्या दांडीवर फिरता फिरता केलेली आहे, पाढे तिथे पाठ केले, पहिली कादंबरी तिथे वाचली. पहिल्या दिवशी मलाही गरगरलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, "वशिंडावं डोला ठेव गो पोरी. झाडं फिरतात तर फिरू दे मेली, तू त्यांच्याकं बगू नको." मी बैलाच्या वशिंडाकडे बघत बसले आणि भोवळ जी गेली, ती परत कधी आली नाही.

"तुला चक्कर येईल" हे ऐकून मी त्या संध्याकाळी पाणी आणायला बावखलावर, वाडीमागच्या तळ्यावर, गेले. काठावर कुणी नव्हतं. मी रिकामी कळशी उजव्या हातात धरली, हात लांब केला, कळशीच्या काठावर नजर ठेवली आणि फिरले. दहा, वीस, तीस. झाडं, पाणी, देवळाचा मनोरा, सगळं कळशीच्या मागे पुसट वाहून गेलं. थांबले तेव्हा जग जागच्या जागी होतं आणि पायाशी एक बगळा माझ्याकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की दोन महिने माझं पोट कशाने दुखतंय. मला त्या विमानाने माझा नवरा नेला म्हणून नव्हता राग. रेजिनाबाई त्यांच्या शेजारी बसते म्हणूनही नव्हता. मला ती मूठ पाहिजे होती. मला ह्यांचा हेवा वाटत होता, ह्यांचाच, आणि नवऱ्याचा हेवा करतात हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. व्रतांच्या पोथीत तशी गोष्ट नाही.

पुढचे रविवार वाईट गेले. मी खळ्याच्या कडेला ताकाचा तांब्या घेऊन उभी राहायची आणि हे मोजून सहाव्या फेरीला पडायचे. दर वेळी कारण नवीन. आज वारा तिरका, आज एरंडेल जाड, आज जमीन उतरती. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण तर मी चोपलेलं! मला चूक दिसत होती, स्वच्छ दिसत होती: ह्यांची नजर विमानावरून सुटून मागच्या ताडांवर जायची. झाडं फिरतात तर फिरू देत, इतकंच सांगायचं होतं. एक वाक्य. जिभेवर यायचं आणि "तुला चक्कर येईल" आठवलं की परत जायचं.

नाताळानंतरच्या रविवारी हेडमास्तर आले, देवळातले फादर आले, नवी लुगडी नेसून बाया आल्या. ह्यांनी वीस फेऱ्या मारून दाखवीन असं शाळेत सांगितलं होतं. म्हणजे बघा, माणसाची अब्रू त्या दोन तारांना टांगलेली. रेजिनाबाईने विमान सोडलं. पाच फेऱ्या बऱ्या गेल्या. सहावीला मी ह्यांचे डोळे बघितले. ते ताडांवर होते. पाय एकमेकांत अडकायला लागले. विमान जमिनीला पोट घासेल इतकं खाली आलं, मग उसळून वर. फादरांनी टोपी हातात घेतली.

मी तांब्या खाली ठेवला. नऊवारी होती म्हणून बरं. तारा डोक्यावरून सरकल्या तशी वाकले आणि पळत मधे गेले. ह्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांच्याबरोबर फिरायला लागले. म्हटलं, "सोडा."

"अगं, चक्कर..."

"सोडा हो!"

त्यांनी सोडली. आणि माझ्या पायाशीच खाली बसले, दोन्ही हातांत डोकं धरून.

ओढ काय होती म्हणून सांगू! मनगटापासून खांद्यापर्यंत, जिवंत. उधळू पाहणारा बैल दावं ओढतो ना, तशी. रहाटापेक्षा चौपट वेग, पण वशिंड तेच. मी लाल पंखावर नजर ठेवली आणि बाकीचा गाव पुसून टाकला. मूठ जरा वर केली, ते वर गेलं. जरा खाली, खाली आलं. माझं ऐकलं! आठ महिने त्या घरात माझं कुणी काही ऐकलं नव्हतं, आणि हे आकाशातलं लाकूड माझ्या मनगटाचं ऐकत होतं. मी मोठ्याने हसत होते, असं नंतर मला सांगितलं. रेजिनाबाई फेऱ्या मोजत होती, आधी इंग्रजीत, मग भान सुटून आपल्या बोलीत. वीस झाल्या. पंचवीस झाल्या. बत्तिसावीला तेल संपलं, आवाज बंद झाला, तारा सैल पडायला लागल्या. मी ह्यांना ओलांडून दोन पावलं मागे सरले, तारा ताणून धरल्या, आणि विमान चोपलेल्या जमिनीवर येऊन घसरत थांबलं.

लोकांनी जो गलका केला तो मी सांगत नाही, आत्मस्तुती होईल. काशाने मात्र डोक्याचं फडकं काढून मला वारा घातला.

हे उठले. धोतर झटकलं. "छान," म्हणाले. एकच शब्द. मग विमानापाशी गेले, ते उचलून उलटं केलं आणि कुठे काही मोडलंय का बघायला लागले. पंख बघितला, शेपटी बघितली, चाकं फिरवून बघितली. काहीतरी मोडलेलं सापडावं अशा आशेने बघत होते. काही मोडलं नव्हतं. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मला त्यांचा चेहरा दिसला. तो चेहरा मी ओळखला. तीन महिने तो मी आरशात बघत होते.

रेजिनाबाई माझा हात धरून म्हणाली, "वयनी, पुडच्या रविवारी मला शिकव गो." पुढचा रविवार आलाच नाही. हंगाम संपला, आता वारा बिघडेल, असं हे म्हणाले. उत्तरेचा वारा शिमग्यापर्यंत सरळ वाहतो, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंजिन मुंबईच्या मित्राकडे परत गेलं. विमान शाळेच्या काचेच्या कपाटात गेलं, खाली ह्यांच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी: बनवणाऱ्याचं नाव, लाकूड पांगारा. ते खोटं नव्हतं. पण पुढे मुलांना शाळेत सोडायला गेले की मी त्या कपाटासमोरून मान वळवून जायची. ह्यांनी नंतर रेडिओ बांधले, शिवणयंत्रं दुरुस्त केली, गणपतीची आरास केली. विमान परत नाही.

लोक विचारतात, इतकी वर्षं संसार केलात, कधी खंत वाटते का? वाटते. एका वाक्याने ते तीस फेऱ्या उडवू शकले असते. ते वाक्य माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही. तेव्हा दिलं नाही, आणि पुढच्या सगळ्या हिवाळ्यांत दिलं नाही. हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. चांगला माणूस होता. पण त्या एका दिवशी कुणीतरी माझ्यावर जळलं होतं, माझ्यावर, सातवी फायनल झालेल्या मास्तरीणबाईवर, आणि ते मला कुणाशीही वाटून घ्यायचं नव्हतं.

त्या रविवारी दिवेलागणीला मी सगळ्यांना वाढलं. नाताळाचं म्हणून रेजिनाबाईच्या आईने वाटीभर गोड पाठवलं होतं, तेही वाढलं. ह्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तो कालवणात बुडवून तसाच धरून बसले. सासूबाई म्हणाल्या, "खात का नाहीस रे?" ते म्हणाले, "भूक नाही." मग माझ्याकडे न बघता, ताटाकडे बघत त्यांनी विचारलं, "तुला चक्कर कशी नाही आली?"

"काय माहीत," मी म्हटलं, आणि ह्यांच्या ताटातली राहिलेली भाकरीसुद्धा घेऊन खाल्ली.